उणे तीन सेकंद

संपतराव गलांड्यांच्या खांद्यात दगड बसला तेव्हा सकाळचे नऊ वाजून सोळा मिनिटं झाली होती. ही वेळ माझ्या घड्याळातली नाही, उगमची आहे. तांबडमाळात उगम बसवून तेव्हा दीड वर्ष झालं होतं, आणि कुठली गोष्ट किती वाजता घडली हे माणसांना विचारणं आम्ही जवळजवळ सोडून दिलं होतं.

उगम म्हणजे रस्त्याच्या दिव्यांच्या खांबांवर बसवलेले कॅमेरे आणि त्यांच्यामागे हिशेब करणारं यंत्र. मधल्या काळात घाटात एसटीवर दगडफेकीचे प्रकार फार वाढले, तेव्हा ही यंत्रणा गावोगाव आली. हवेतून जाणारी वस्तू दिसली की उगम सेकंदाला दोनशे चित्रं घेतो, तिचा मार्ग काढतो आणि ती जिथून निघाली ती जागा सांगतो. त्या जागी त्या क्षणी कुणाचा मोबाईल होता, हेही तोच शोधतो. सगळ्याला मिळून चार मिनिटं लागतात.

चार मिनिटांनी मुळीक फौजदारांच्या टेबलावर उत्तर आलं. दगडाचं उगमस्थान: रस्त्यापासून बहात्तर मीटरवर, काळेलांच्या ज्वारीचा बांध. सुटतानाचा वेग: सेकंदाला बत्तीस मीटर. एवढा वेग हाताने येत नाही, म्हणून साधन: गोफण. त्या जागी हजर असलेली व्यक्ती एकच: अनुसया काळेल, वय सोळा.

अनु माझ्याकडे गणिताला येते. शाळेतून निवृत्त झाल्यावरही मी ओसरीवर सकाळी सातचा वर्ग चालवतो. वर्ग सुटला की ती बांधालगतच्या माळ्यावर चढून पाखरं राखते आणि अकराला शाळेत जाते. गोफणीत तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. आणि आदल्याच दिवशी संपतरावांची म्हैस ज्वारीत शिरली, तेव्हा अनुने तिला दगड न लागू देता नुसत्या आवाजाने बांधापार घालवलं आणि ओरडून सांगितलं होतं, "आज म्हशीला हाकलली, उद्या मालकाला हाकलीन!" हे चार जणांनी ऐकलं होतं.

खरं सांगतो, बातमी कळली तेव्हा माझ्याही मनात आलं, मारला असेल.

मी काळेलांच्या घरी गेलो. अनु दारातच बसली होती, आणि तिच्या आई राधाबाई शेंगा फोडत होत्या. गोफण पोलिसांनी नेली होती. सोमवारी साताऱ्यात बाल न्याय मंडळापुढे सुनावणी होती. संपतरावांचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. दगड चार बोटं अलीकडे पडता तर डोकंच फुटलं असतं. दोष ठरला तर अनुला सुधारगृहात जावं लागणार होतं, आणि दहावीची परीक्षा महिन्यावर आली होती.

"अनु, मला फक्त हो किंवा नाही सांग. मारलास?"

"गुर्जी, तुमीबी?"

"हो की नाही?"

"न्हाय." तिनं मान वर केली. "आन् म्या मारला असता तर त्येंची टोपी उडली असती. खांदा कशाला मोडंल?"

"गप बस!" राधाबाईंनी शेंगांची मूठ सुपात आपटली. "ह्या तोंडापायीच आलंय सगळं. गुर्जी, हिला सांगा, साताऱ्याला गेल्यावर असलं बोलू नको म्हणावं."

"पर आई, त्यो धोंडा बगितलास का? पेरूएवढा हाय. पाखरांना बोराएवढा खडा लागतोय. येवढा धोंडा घालून गोफण फिरवली तर संध्याकाळी हात खांद्यातनं निखळून हातात येईल."

हे मी मनात ठेवलं. विचारलं, "सव्वानऊच्या सुमाराला तू काय करत होतीस?"

"बसले हुते."

"पाखरं राखायची सोडून?"

"भुंगा गेला नव्हता का वरनं! भुंगा गेला की पाखरं आपणहून उठत्यात. मग पाच मिन्टं हाताला इसावा."

ड्रोनला आमच्याकडे भुंगा म्हणतात. औषधं, रक्ताचे नमुने, टपाल, सगळं आता त्यांतून येतं-जातं. त्यांची हवेतली वाट काळेलांच्या ज्वारीवरून येऊन रस्ता ओलांडते. आणि गावातला भुंग्यांचा थांबा चालवते माझी मुलगी वृषाली.

दुपारी जेवताना मी तिला विचारलं, "मंगळवारी सव्वानऊला एखादा भुंगा होता का गं?"

"वेळापत्रकात नाही," ती म्हणाली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला होता, तो तसाच ताटात ठेवला. "का?"

"अनु म्हणते, होता."

"तिच्यावर बेतलंय आप्पा. ती काहीही म्हणेल."

मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलं. ज्याचं उत्तर शेजाऱ्याच्या वहीतून आलेलं असतं, ते मूल फार पटकन बोलतं, आणि विचारलेल्या प्रश्नाच्या शेजारच्याच प्रश्नाचं उत्तर देतं. मी विचारलं होतं, भुंगा होता का. तिनं सांगितलं, वेळापत्रकात नाही.

मी आमटी वाढून घेतली. तिनं मात्र अर्धी भाकरी ठेवली.

शुक्रवारी मी चौकीत जाऊन उगमचा सगळा अहवाल मागितला. मुळीक फौजदार सातवीत माझ्याकडे होत्या. त्यांनी खुर्ची पुढे केली, कागद दिला आणि म्हणाल्या, "सर, तुमचा जीव तुटतो ते कळतं. पण हे साक्षीदाराचं सांगणं नाही, हे गणित आहे."

"म्हणून तर आलोय," मी म्हणालो.

इथं थोडं गणित सांगतो. ज्यांना दहावीनंतर त्याचा कंटाळा आला असेल त्यांनीही ऐकावं, अवघड नाही.

फेकलेला दगड एकाच वेळी दोन कामं करतो. तो पुढे जातो, आणि वर जाऊन खाली येतो. पुढे जाण्याचा वेग बदलत नाही, कारण त्या दिशेला त्याला कुणी ओढत नाही. (हवेचा थोडा अडथळा असतो, असल्या जड दगडाला तो सोडून दिला तरी चालतो.) वरच्या दिशेचा वेग मात्र पृथ्वी दर सेकंदाला दहाने कमी करत राहते. अहवालात दगडाचा पुढे जाण्याचा वेग बारा होता आणि वर जाण्याचा तीस. त्यामुळे जमीन सोडल्यापासून t सेकंदांनी त्याची उंची किती, हे असं लिहिता येतं: तीस t वजा पाच t वर्ग. वेळेचा वर्ग आला, म्हणजे हे वर्गसमीकरण झालं. त्याचा आलेख काढला तर कमानीसारखा वक्र मिळतो, त्याला अन्वस्त म्हणतात. उंची शून्य कधी, असं या समीकरणाला विचारलं तर ते दोन उत्तरं देतं: शून्य सेकंद आणि सहा सेकंद. शून्याला दगड बांधावरून निघाला, सहाला खांद्यावर पडला. सहा सेकंद गुणिले बारा म्हणजे बहात्तर मीटर. सगळं जुळत होतं.

जुळत होतं म्हणूनच मी कमानीचा माथा काढून पाहिला. माथा नेहमी दोन उत्तरांच्या मधोमध असतो. म्हणजे तीन सेकंदांना. त्या वेळची उंची: नव्वद वजा पंचेचाळीस.

पंचेचाळीस मीटर.

हा आकडा मी रोज वाचतो. वृषालीला डबा द्यायला जातो तेव्हा थांब्याच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं दिसतं: उड्डाणाची उंची ४५ मीटर, वेग सेकंदाला १२ मीटर.

"मॅडम," मी विचारलं, "हे खांबावरचे डोळे किती उंच बघतात?"

"वीस मीटर."

"मग हा दगड पंचेचाळीसपर्यंत गेलेला कुणी पाहिला?"

त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचला. "प्रत्यक्ष दिसला तो शेवटचा पाऊण सेकंद. त्याच्या मागचं यंत्रानं काढलंय."

"सहा सेकंदांतले सव्वापाच?"

"सर, वक्राचा तुकडा मिळाला की सगळा वक्र मिळतो, हे तुम्हीच फळ्यावर..."

"मीच शिकवलंय," मी म्हणालो.

आणि अर्धवट शिकवलंय, हे परत येताना माझ्या लक्षात आलं. तुकड्यावरून वक्र मिळतो, ते खरं. पण त्या वक्रावर दगडाने प्रवास कुठून सुरू केला, ते मिळत नाही. फाट्यावर उभं राहून एसटी येताना दिसली, तर ती कुठल्या रस्त्याने आली ते कळतं. ती आगारातून सुटली की मधल्या थांब्यावरून, ते नुसतं बघून कळत नाही. अन्वस्ताची रेघ मागे मागे जमिनीपर्यंत जाते. दगड तिथपर्यंत मागे होताच, असं नाही. तो कमानीच्या माथ्यावर, सरळ पुढे चाललेल्या कशातून तरी नुसता निसटला असेल, तरी शेवटचा पाऊण सेकंद हुबेहूब असाच दिसेल. आणि उगमला मात्र एवढंच सांगितलेलं आहे की दगड जमिनीवरच्या माणसाच्या हातातून सुटतो.

पण भुंग्यात दगड कशाला असेल? औषधांच्या झोळीत पेरूएवढा धोंडा कोण ठेवेल?

पंचनाम्यात दगडाचं वजन होतं: दोनशे बासष्ट ग्रॅम.

माझ्या ओसरीवर एक टोपली आहे. तीत माणगंगेतले गोटे आहेत. वर्गात दाखवायला मी ते वजन करून ठेवले आहेत. लहान-मोठा गोटा एकाच वेळी खाली सोडला की कोण आधी पडतो, यावर मुलं पैजा लावतात. प्रत्येकावर खडूने नंबर घातला आहे आणि वजनं वहीत लिहिली आहेत. मी वही काढली. सातवा गोटा, दोनशे बासष्ट ग्रॅम.

टोपलीत नऊ गोटे असायला हवे होते. पाच होते. सात नंबर नव्हता.

ओसरी उघडी असते. वर्गाला चौदा मुलं येतात. त्यांतलं कुणीही उचलू शकतं, अनुसुद्धा. हा विचार मी मुद्दाम बराच वेळ धरून ठेवला, कारण दुसरा विचार मला नको होता.

शनिवारी सकाळी वृषाली पलीकडच्या गावी औषधांचं खोकं आणायला गेली होती, तेव्हा मी थांब्यावर गेलो. तीन भुंगे चबुतऱ्यावर बसलेले. खिळ्याला वाळूच्या रिकाम्या पिशव्या टांगलेल्या, सगळ्या फाटलेल्या. त्यांच्या शेजारी दोन अर्जांच्या प्रती टोचलेल्या होत्या, एक ऑगस्टचा, एक नोव्हेंबरचा: रिकाम्या परतफेरीत झोळी वाऱ्याने हेलकावते, भुंगा तोल सोडतो, नव्या वजनपिशव्या मिळाव्यात. उत्तर कुठेच टोचलेलं नव्हतं.

मी पहिल्या भुंग्याच्या जाळीच्या झोळीत हात घातला. आत गोटा होता. खडू बराचसा पुसला होता, पण चारचा आकडा वाचता येत होता. शेवटच्या भुंग्याच्या झोळीला तळाशी नवं ठिगळ होतं, निळ्या दोऱ्याने शिवलेलं. तो दोरा आमच्या घरातला.

मग मला दिवाळी आठवली. वृषाली म्हणाली होती, आप्पा, रिकामा भुंगा परत येताना फार झुलतो हो. आणि मी फराळाचं ताट बाजूला सारून, सुतळीला वाटी बांधून तिला दाखवलं होतं की रिकामी वाटी फुंकरीनेही हलते आणि भरलेली हलत नाही. म्हणालो होतो, खाली थोडं वजन टाक, शांत होईल.

"आप्पा, इथं काय करताय?"

ती दारात उभी होती, खोकं कडेला धरून.

"भुंगे बघत होतो."

"आजवर बघितले नव्हते?"

"जवळून नाही."

तिनं खोकं खाली ठेवलं. माझ्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. चार नंबर माझ्या सदऱ्याच्या खिशात होता आणि खिसा लोंबत होता. मी त्यावर उपरणं ओढलं आणि घरी आलो.

रविवारी आम्ही दोघं एकाच घरात असे वावरलो की एक उठला की दुसरा कुठे जातो ते बघत राहायचा. ती टोपलीजवळून गेली आणि थांबली नाही; मला वाटलं, मुद्दाम थांबली नाही. मी वही कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. ते कुलूप आम्ही पाच वर्षांत लावलेलं नव्हतं. कडी वाजली तशी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "चोर येणारेत का?" मी म्हणालो, "उंदीर झालेत." ती हसली नाही.

तिचं काय जाईल ते मला कळत होतं. थांबा जाईल, वर गुन्हा दाखल होईल. पण सोमवारी ती गप्प बसली तर अनुचं काय जाईल, तेही कळत होतं. मी तिला सरळ विचारू शकलो असतो. विचारलं नाही, कारण माझी एक सवय आहे. गणित मी फळ्यावर सगळं सोडवतो, पण शेवटची ओळ लिहीत नाही. ती मुलांनी लिहायची. खडू पुढे करायचा आणि गप्प राहायचं. मूल घुटमळलं तर मनात वीसपर्यंत मोजायचं. वृषाली माझ्याच वर्गात शिकली. तिला हे माहीत होतं.

सोमवारी सकाळी तीच म्हणाली, "मी गाडी काढते. अनुला आणि राधाबाईंनाही घेऊ." निघताना माझ्या वह्यांची पिशवी तिनंच उचलून गाडीत ठेवली. साताऱ्यापर्यंत आम्ही चौघं मिळून दहा वाक्यंही बोललो नसू. त्यांतली सात अनुची होती.

मंडळाची खोली साधी होती. लांब टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला पांढरा फळा. मधल्या खुर्चीत नाईकबाई, मंडळाच्या प्रमुख. उगमच्या बाजूने अद्वैत नावाचा तरुण इंजिनियर आला होता. फार नम्र मुलगा. त्यानं पडद्यावर कमान दाखवली. एका टोकाला लाल ठिपका, दुसऱ्या टोकाला माणसाचं चित्र. लाल ठिपक्याशेजारी अनुचं नाव.

"आजोबा, तुमच्या शंकेचा आदर आहे," तो म्हणाला. "पण उगमने आजवर जिल्ह्यात तीनशे बारा प्रकरणं सोडवलीत. एकही चूक नाही."

"चूक नाही हे कुणी तपासलं?"

"पडताळणी आपोआप होते."

"कोण करतं?"

"म्हणजे... उगमच करतो."

नाईकबाईंनी चष्मा काढला. "गुरुजी, तुम्हाला काय म्हणायचं आहे ते फळ्यावर दाखवा. पण मला समजेल असं."

मी फळ्यावर गेलो. म्हणालो, "बाई, हीच कमान आहे, मी काहीही बदलत नाही. फक्त घड्याळ जमिनीवर सुरू न करता माथ्यावर सुरू करतो. माथा पंचेचाळीस मीटरवर आहे. तिथे वर जाण्याचा वेग उरलेला नाही. तिथून उंची अशी मोजायची."

मी लिहिलं: 45 − 5t². खाली लिहिलं: 45 − 5t² = 0. त्याखाली: t² = 9. आणि थांबलो.

"अनु, इकडे ये. शेवटची ओळ."

ती आईकडे बघून उठली. पेन घेतलं. लिहिलं: t = 3. मग जरा थांबून बाजूला लिहिलं: t = −3.

"तीन म्हणजे काय?" मी विचारलं.

"माथ्यावरनं निघाल्यावर तीन सेकंदांनी खाली पडला. संपतनानांच्या खांद्यावर."

"आणि उणे तीन?"

"त्ये टाकायचं."

"का टाकायचं? वर्गात नुसतं टाकतेस. आज कारण सांग."

अनु फळ्याकडे बघत राहिली. मग पडद्यावरच्या लाल ठिपक्याकडे बघितलं. बोट उचलून तिनं ठिपक्यावर ठेवलं, तिथून उणे तीनवर आणलं.

"गुर्जी," ती हळूच म्हणाली, "हितं मी हाय."

नाईकबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"माथ्यावरनं दगड सुटला असंल, तर उणे तीनला त्यो सुटलाच नव्हता. नुसती रेघ मागं गेलीया. यंत्रानं रेघंच्या टोकाला मला उभी केलीया." तिनं पेन खाली ठेवलं. "आन् बाई, तवाच भुंगा माझ्या डोक्यावर हुता. म्हणून तर म्या बसले हुते."

अद्वैत आपल्या पडद्यावर काहीतरी भराभर करत होता. त्याचे कान लाल झाले होते. "आडवा वेग बारा... मार्गाची दिशा... हे जुळतंय," तो म्हणाला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "पण जुळणं म्हणजे पुरावा नाही. जमिनीवरून फेकलेलाही जुळतो."

"तो बरोबर बोलतोय," मी म्हणालो. "समीकरण दोघांनाही हो म्हणतं."

नाईकबाई पुढे झुकल्या. "मग पुरावा काय, गुरुजी? पंचेचाळीस मीटरवर भुंगा होता हे कोण सांगणार? आणि त्यात दगड कुणी ठेवला?"

माझी पिशवी खुर्चीवर होती. तीत वजनांची वही आणि चार नंबरचा गोटा. मी पिशवीकडे गेलो नाही. वृषाली मागच्या बाकावर, दाराजवळ बसली होती. मी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो.

"ही शेवटची ओळसुद्धा माझी नाही," मी म्हणालो, आणि मनात मोजायला लागलो.

सातपर्यंत पंख्याचा आवाज ऐकला. दहाला राधाबाईंनी नाक ओढलं. बाराला मला वाटलं, दार वाजलं. वाटलं, ती बाहेर निघून गेली.

चौदाला बाक सरकला.

"मी ठेवला," वृषाली म्हणाली. "रिकामी परतफेरी होती. ती वेळापत्रकात नसते, वाटेत नोंदही होत नाही. भुंगा पोचला तेव्हा झोळी फाटलेली होती आणि गोटा नव्हता. तासाभराने कळलं की संपतनानांना लागलं. पण तोवर उगमने अनुचं नाव घेतलं होतं." ती टेबलाजवळ आली आणि थांब्याच्या किल्ल्या नाईकबाईंच्या पुढ्यात ठेवल्या. "उगम चुकत नाही, असं सगळे म्हणतात. मीही स्वतःला तेच सांगितलं. म्हटलं, अनुनेच मारला असेल. माझा गोटा दुसरीकडे कुठेतरी पडला असेल. सहा दिवस मी तो शेतातून शोधत होते. सापडला असता तर बरं झालं असतं."

अनुनं तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तरी चाललं असतं. ती नुसती म्हणाली, "ताई, म्या बगत हुते तुला. मला वाटलं, तुझं काय तरी पडलंय."

त्या दिवशी अनु सुटली. संध्याकाळच्या आत मुळीक फौजदारांनी परत दिलेली गोफण राधाबाईंनी माळ्याच्या खांबाला बांधून ठेवली आणि सांगितलं, परीक्षा होईस्तोवर हात लावलास तर बघ. वृषालीचा थांबा काढून घेतला. तिच्यावरची केस अजून चालू आहे. संपतराव तिला भेटले तेव्हा म्हणाले, "दिवाळीतच सांगितलं असतंस तर वाळूची पिशवी मीच शिवून दिली असती." तिला ते दहा शिव्यांपेक्षा लागलं.

मंडळाने तीनशे बारा प्रकरणं पुन्हा उघडायला सांगितली. अद्वैत एकदा आमच्या ओसरीवर येऊन मुलांशेजारी मांडी घालून बसला. आम्ही एकेका प्रकरणाचा माथा काढत गेलो. आतापर्यंत चार प्रकरणं सापडलीत, ज्यांचा माथा बरोबर पंचेचाळीस मीटरवर आहे. वाळूच्या पिशव्या दुसऱ्या थांब्यांवरही फाटल्या असणार. त्या चार प्रकरणांतला एक माणूस आठ महिने तुरुंगात आहे. अद्वैतने शेवटची ओळ लिहिली तेव्हा त्याचा खडू मोडला.

माझी गोष्ट इथं संपायला हवी, पण एक राहिलंय.

साताऱ्याहून परतल्यावर मी पिशवी ओसरीवर ठेवली. वृषालीनं ती उघडली, आतून चार नंबरचा गोटा काढला आणि तळहातावर झेलत राहिली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"सकाळी पिशवी उचलली तेव्हाच कळलं. दोन वह्यांची पिशवी एवढी जड नसते." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आप्पा, वीस मोजून झाले असते तर तुम्ही ती उघडली असती?"

मी तिला विचारलं, "आणि पिशवी हलकी असती, तर तू उठली असतीस?"

या वेळी मी मोजत नव्हतो. मग तिनं खडू घेतला, गोट्यावरचा पुसट झालेला चार पुन्हा ठळक केला आणि तो टोपलीत ठेवला.